पटावर पाच

फेरीबोट दुसऱ्यांदा धक्क्याजवळ आली आणि लाटेने पुन्हा बाजूला ढकलली. धक्क्यावर उभ्या असलेल्या शाळेच्या मोरागबाईंनी डोक्यावरची लोकरी टोपी घट्ट धरली. स्कॉटलंडच्या त्या चिमुकल्या बेटावर सील आणि दीपगृह बघायला पाहुण्यांची रीघ लागे, पण राहायला कुणी येत नसे. गावात शाळा एक, बाई एक आणि मुलं तीन. सोमवारी पटावर पाच मुलं नसतील तर शाळेला कुलूप लागणार होतं. दवाखान्यातली नवी नर्स, वैजयंती पाटकर, आपल्या दोन मुलींना घेऊन याच बोटीने येत होती.

"आता कप्तान बोट परत फिरवणार," दुकानदार डोनाल्ड म्हणाला. "पुढची बोट थेट मंगळवारी."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस! दोर धर."

तिसऱ्या खेपेला बोटीवरून दोर आला. डोनाल्डने तो झेलला, बाईंनीही हात लावला आणि मागून अर्धं गाव ओढायला धावलं. बोट एकदाची धक्क्याला टेकली.

वैजयंती मुलींना घेऊन उतरली. बोट लागल्याने थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. धाकटी मात्र बाईंकडे टकामका बघत आईला मराठीत काहीतरी विचारत होती.

"ती विचारतेय," वैजयंती ओशाळून म्हणाली, "शाळा आत्ता उघडी आहे का?"

शनिवारची दुपार होती.

"आहे तर!" मोरागबाई म्हणाल्या आणि धाकटीचा हात धरून शाळेची चढण चढू लागल्या. उरलेल्या तिघांना बोलवायला डोनाल्ड केव्हाच पळाला होता.