बंद पाकीट

बाबांनी पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि चष्मा पुसला. आईला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे घरात आलेलं पत्र बघायचं काम त्यांचंच. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

शाळेचं बंद पाकीट घरी येणं काही बरं नव्हे. दोन वर्षांपूर्वी थोरल्याच्या वेळी असंच आलं होतं आणि त्याचं नाव शाळेतून कमी झालं होतं.

“काय लिहिलंय?” आईने विचारलं.

बाबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. “तेच. हिच्याच्यानं पुढचं झेपणार नाही. घरी बसवा म्हणतात.”

“अहो, दर शनिवारी बाई हिलाच गोष्टीचं पुस्तक वाचायला लावतात. शेवटच्या बाकावरचे टवाळसुद्धा गप्प बसून ऐकतात म्हणे!”

“गोष्टींनी पोट भरतं का?” त्यांनी कागद खिशात घातला. “आणि हे हिच्या हाती नको. मनाला लागेल.”

एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी पोर, पण त्या दिवसापासून तिच्या तोंडाला कुलूपच लागलं.

सोमवारपासून ती बाबांबरोबर लाँड्रीत जाऊ लागली. बाबा तिथले मुकादम. शिकलेला माणूस म्हणून मालकांनी नेमलेले. ऐट अशी, की चिठ्ठीकडे न बघता नुसत्या कपड्यावरून गिऱ्हाईक ओळखायचे. मुलगी दिवसभर चादरींच्या घड्या घालायची. तिथल्या वाफेत डोळे पुसले तर कुणाला कळत नाही, एवढीच काय ती सोय.

महिन्याभराने शाळेतल्या बाई लाँड्रीत आल्या. मालक गल्ल्यावर बसले होते.

“माझं पत्र वाचलंत ना?” बाईंनी बाबांना विचारलं.

“वाचलं, म्हणून तर हिला घरी बसवली.”

बाई चक्रावल्या. “म्हणजे? काय वाचलंत तुम्ही? वाचा बरं माझ्यासमोर!”

बाबांनी खिशातून कागद काढला. मालकांनी मान वर केली. बाबा चष्मा काढून पुसायला लागले.

मुलीने झडप घालून कागद घेतला आणि टराटरा फाडला.

“बाबांनी बरोबरच वाचलं, बाई. मलाच शाळा नको. जा तुम्ही.”

बाईंचे डोळे भरून आले. त्या पायऱ्या उतरून गेल्या.

वर्गात पहिली आल्याचं, मोठ्या शाळेत जागा मिळाल्याचं आणि महिन्याभरात वडिलांची सही हवी असल्याचं मुलीने पाकीट मिळालं त्या दिवशी शाळेच्या जिन्यातच ते हळूच उघडून वाचलं होतं आणि परत चिकटवलं होतं. बाबांना वाचता येत नाही, हे तिला कळलं ते तासाभराने, घरी.