डब्यावरचं नाव

नेपाळच्या सीमेवर अधिकाऱ्याने आईचा दशम्यांचा डबा उघडून हुंगला. मग झाकणावर कोरलेलं नाव वाचलं. देवनागरी त्यालाही येत होती, हीच पंचाईत.

"डब्यावर बकुळ, ओळखपत्रावर वसुधा. दुसऱ्याचं सामान का नेताय?"

"माझाच आहे. माहेरचा. लग्नात नाव बदललं," आई म्हणाली.

"कोणी?"

आईने बाबांकडे बोट दाखवलं. बाबा छताचा पंखा बघू लागले.

"जा, बकुळजी," म्हणत त्याने डबा परत दिला.

जीप घाटात शिरल्यावर बाबांना भूक लागली. "वसुधा, दशमी दे."

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

पोखरा येईपर्यंत आम्ही भावंडं त्याच डब्यातून दोनदा जेवलो. बाबांना "बकुळ" म्हणायला चार तास लागले.