लाल चट्टे

पोटात सारखं दुखायचं म्हणून अमरावतीच्या दवाखान्यात साधनाचा स्कॅन झाला. त्यासाठी शिरेतून रंगाचं औषध सोडलं होतं. भातकुलीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्या मानेवर, हातांवर लालभडक चट्टे उठले आणि अंगाची नुसती आग होऊ लागली.

सासूबाईंनी, माणिकबाईंनी, स्वतः तिच्या हातांना खोबरेल तेल चोळलं. नवऱ्यानं, मनोजनं, वांग्याची तोडणी तशीच टाकली आणि दोघींना घेऊन पुन्हा तोच दवाखाना गाठला.

“माह्या बायकोची काय गत करून ठेवली तुमी?” तो डॉक्टरीणबाईंवर खेकसला. “बाईच्या अंगावर असे डाग पाडता काय?”

साधनाला भरून आलं. तिच्या बाजूनं तो कोणाशी भांडतोय, हे ती लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होती.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “त्या औषधाची रिअ‍ॅक्शन आहे. काहींना अशी उशिरा येते. गोळ्या देते, चट्टे जातील.” बोलता बोलता त्यांनी साधनाची बाही वर सरकवली आणि दंडापाशी त्यांचा हात थांबला.

“लाल चट्टे आमच्या औषधाचे. पण हे काळेनिळे डाग कशाचे?”

मनोज खिडकीबाहेर पाहू लागला. साधनानं सासूकडे पाहिलं. सकाळीच तर त्यांनी याच दंडाला तेल लावलं होतं.



“धांदरट हाय जी आमची सून, कुठंबी आदळते,” म्हणत माणिकबाईंनी तिची बाही खाली ओढली.