पॉश आमटी

"आमटी आणलीय. मीच केली," निमकर सर डब्याचं झाकण उघडत म्हणाले.

हॉस्पिटलच्या पलंगावर त्यांच्या पत्नी कुंदाताई उशीला टेकून बसल्या. डॉक्टरांनी काल सरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता त्यांना हवं ते खाऊ घाला.

कुंदाताईंना काहीही आवडलं की ते पॉश असायचं. नवा झाडू पॉश, शेजारणीचं बाळ पॉश, आमटी तर हमखास पॉश. अकरा वर्षांपूर्वी व्याही पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी भर पंगतीत समजावलं, "अगं, पॉश बंगला असतो, हॉटेल असतं. आमटी पॉश नसते." व्याही खो खो हसले. त्यानंतर कुंदाताईंच्या तोंडून तो शब्द पुन्हा आला नाही. सरांना वाटलं, चला, विद्यार्थिनी सुधारली.

आता त्यांनी चमचा पुढे केला. "पॉश झालीय का गं?"

कुंदाताईंनी घोट गिळला, ओठ टिपले आणि क्षणभर विचार केला.

"रुचकर झाली आहे," त्या म्हणाल्या.

शब्द अगदी अचूक होता. सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.