आतली बाजू

सेजूनं सातव्या चोळीची बगल उसवली आणि दोरा दातानं तोडला.

"अजून सांगते, विकून टाक," तिची आई लच्छी दारातून म्हणाली. "भुजचा व्यापारी परवाच येऊन गेला. शहरात उश्यांचे अभ्रे करतात म्हणे असल्या भरलेल्या चोळ्यांचे."

"माझ्या चोळीवर डोकं ठेवून कुणी घोरायचं? नाही विकत."

"मग पंचांना काय दाखवशील?"

"काळं कापड. त्यांना तेवढंच बघायचंय ना?"

बाराव्या वर्षापासून सेजू स्वतःचे पाठवणीचे कपडे शिवत होती. सात चोळ्या, तीन घागरे. सगळ्यांवर आरशाचं भरतकाम. लग्न लहानपणीच लागलेलं असलं, तरी रबारी जमातीची पोर हे कपडे पुरे केल्याशिवाय सासरी जात नसे. पोरी वर्षानुवर्षं भरत बसत आणि नवरे वाट बघून थकत. शेवटी जमातीच्या पंचांनी ठरवलं, भरतकामाचा कपडा बंद. पेटीत सापडला तर पाठवणी तिथंच थांबेल. तेव्हा सेजूचा एका घागऱ्याचा काठ तेवढा भरायचा राहिला होता.

पंचांमध्ये मुख्य होता तिचा सासरा. आणि पेट्या तपासायचं काम होतं सासूकडे, पाबीमाकडे.

मागच्या साली सेजूच्या मैत्रिणीची, मेघीची पेटी पाबीमानंच उघडली होती. चोळीवर पोपट भरताना मेघीचा हिरवा दोरा संपला, म्हणून एका पोपटाची शेपटी तिनं पिवळी केली होती. "हळद लागली का गं पोपटाला?" असं म्हणून बायांनी तिला छळलं होतं. ती चोळी पाबीमानं सगळ्या बायांदेखत बाहेर ओढली आणि काखेत मारून नेली. असे कपडे ती जाळते, असं सगळे म्हणत. मेघीची पाठवणी चार महिने लांबली.

सेजूनं आपला मार्ग काढला होता. चोळी पुरती उसवायची. भरलेली बाजू आत, अंगाकडे वळवायची. वरून साधं काळं कापड लावून पुन्हा शिवायची. दुहेरी झाल्यावर चोळ्या अंगाला आवळू लागल्या. पण लहानपणी शिवतानाच तिनं शिवणीत दोन-दोन बोटं जादा कापडाचा दाब ठेवला होता, तो तिनं सोडला. घागरेही तसेच केले.

"ते आरसे रक्त काढतील गं," लच्छी म्हणाली.

"काढू देत. नऊ वर्षं सुईनं काढलंच की."

पाठवणीच्या दिवशी पाबीमा तीन बायांना घेऊन आली. अंगणात वारा सुटला होता. तिघींचे घागरे फुगले, त्या हसत हसत ते सावरू लागल्या. पाबीमाचा काळा घागरा मात्र हलला नाही. वाऱ्यालाही हिचा धाक आहे, असं सेजूच्या मनात आलं.

"पेटी," पाबीमा झोपडीत येऊन म्हणाली. पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं.

सेजूनं पेटी उघडली. वर सहा काळ्या चोळ्या घडी करून ठेवल्या होत्या. सातवी तिच्या अंगावर होती. पाबीमानं एक चोळी उचलून चिमटीत चोळली. तिच्या बोटांची टोकं सुईनं टोचून खरखरीत झाली होती. कधीकाळी हीही भरत असणार, सेजूला वाटलं.

"जड आहे."

"जाड कापड आहे, पाबीमा. थंडीला बरं."

"वैशाखात थंडी वाजते तुला?"

बरोबरची एक बाई फिसकन हसली. लच्छीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं.

पाबीमानं चोळी खाली ठेवली. सेजूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अंगातली काढ."

"सगळ्यांसमोर?"

"बाकीच्या बाहेर व्हा. विहीणबाई, तुम्हीपण. आणि दार ओढून घ्या."

दार लागलं. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा तेवढा आत येत होता. सेजूनं दोन्ही हात छातीशी घट्ट बांधले.

"नाही काढणार."

"काय म्हणालीस?"

"काढणार नाही. येईन तर हीच घालून येईन. नाहीतर तुमच्या मुलाला दुसरी बघा. हे मी माझ्यासाठी शिवलंय, पंचांसाठी नाही. जाळायचं असेल तर माझ्यासकट जाळा."

बाहेर बायांची कुजबुज थांबली. पाबीमा जवळ आली. तिनं सेजूचा दंड धरून तिला उन्हाच्या पट्ट्यात ओढलं, हात वर करायला लावला आणि बगलेच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. सेजूनं डोळे मिटले नाहीत.

"इथं टाका लांब पडलाय," पाबीमा अगदी हळू आवाजात म्हणाली. "हात वर केलास की आरसा चमकतो. तुझ्या सासऱ्याची नजर अजून चांगली आहे."

तिनं कमरेची पिशवी सोडली. आतून सुई निघाली, काळा दोरा ओवलेली.

"बस खाली. लवकर. बाहेर त्या तिघी कान लावून उभ्या आहेत."

आणि ती स्वतः बसली. बसताना तिनं आपल्या घागऱ्याची जड कड गुडघ्यावर उलटवून घेतली. आतल्या बाजूला काठापासून वरपर्यंत, एकीचा मोर, दुसरीचा विंचू, तिसरीची विहीर असे वेगवेगळ्या हातांनी भरलेले तुकडे एकाला एक जोडलेले होते, आणि त्यांच्या मधोमध एक पिवळ्या शेपटीचा पोपट.