सात उंबऱ्यांचं गाव

परळीत धुराड्यांची राख पहाटे उतरते, चाळणीतून पीठ उतरावं तशी. खिडकीजवळ अपेक्षानं पसरलेल्या नकाशावरही ती रोज उतरायची.

नकाशा तिच्या खेळातल्या राज्याचा होता. रविवारी धाकटा भाऊ संगमेश्वर आणि त्याचे दोस्त टेबलाभोवती बसणार, ती गोष्ट सांगणार आणि फासे पडतील तशी गोष्ट पुढं जाणार. डोंगर, नद्या, राक्षसाची गुहा, सगळं तिनंच रचलेलं. डोंगराच्या कुशीत सात घरांचं गाव होतं, तिचं लाडकं.

एका सकाळी साऱ्या नकाशावर राख होती, फक्त त्या सात घरांपुढं नव्हती. नखाएवढी सात अंगणं, झाडून लख्ख. दुसऱ्या दिवशीही तसंच. अपेक्षाला भीती वाटली नाही. गाव नांदतं आहे, याचं उलट बरंच वाटलं.

"गाव जाळल्याबिगर खेळाला रंग न्हाई, ताई," संगमेश्वर म्हणाला. "राक्षस आण की!"

शनिवारी तिनं जड हातानं गावाच्या वेशीवर राक्षस काढला.

रविवारी सातही अंगणांत राख होती. गावामागून मात्र दोऱ्याएवढी झाडलेली वाट निघाली होती. नकाशाच्या कडेपर्यंत, तिथून टेबलावरून, खाली फरशीवरून, थेट दाराकडं.

"सुटले बिचारे," म्हणत अपेक्षा हसली.

तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली, "अपेक्षा, आज अंगण तू झाडलंस का गं? लई लख्ख हाय. आन् उंबऱ्याम्होरं ह्या तिळाएवढ्या रांगोळ्या कुणी घातल्या? सात हायत."