पळीभर तीर्थ

"चाकावर रोज पाणी घालतं का कुणी?" सर्व्हिस सेंटरच्या साहेबांनी विचारलं. आमची गाडी मागून एका बाजूला बसली होती. सस्पेन्शनची उंची मोजणाऱ्या सेन्सरमध्ये बिघाड आहे, असं त्यांचं यंत्र दाखवत होतं.

ह्यांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. "ही घालते. पूजा झाली की तीर्थ! कितीदा सांगितलं, तिथे वायरिंग असतं म्हणून."

"मग झालं तर!" साहेब हसले. "मॅडम, तुम्ही देव सांभाळा, गाडी आम्ही सांभाळतो."

"उद्यापासून बंद," ह्यांनी परस्पर सांगून टाकलं. व्रत माझं, आणि बंद करणारे हे!

माझा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही. "मी पळीभर तीर्थ पुढच्या उजव्या चाकावर घालते. तुमचं यंत्र मागचं डावं चाक दाखवतंय. पाणी चालत गेलं का तिकडे?"

मग कुठे गाडी वर उचलली. मागच्या डाव्या चाकापाशी, त्यांनीच गेल्या महिन्यात बसवलेल्या मडफ्लॅपच्या स्क्रूखाली सेन्सरची वायर चेंगरली होती. साहेबांनी स्क्रू काढून वायर बदलायला सांगितली. हे म्हणाले, "चला, सुटलो एकदाचे!" माझी माफी मात्र कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपली. ह्यांनी नेहमीसारखा तीर्थासाठी हात पुढे केला. मी पंचपात्र उचललं, त्यांच्यासमोरून बाहेर गेले आणि चारही चाकांवर सगळं तीर्थ घातलं.

परत आले, तेव्हा ह्यांचा हात अजून तसाच होता. कोरडा.